मागे इंजिन, पुढे रेडिएटर: घरी बांधलेली गाडी पुन्हा पुन्हा तापते तेव्हा

मारुती ८०० चं पुढचं सगळं सामान, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, ड्राइव्ह शाफ्ट, स्ट्रट आणि खालचे आर्म, कबाड्याकडून एकत्र उचलायचं आणि चौकोनी पाइपच्या चासीत ड्रायव्हरच्या पाठीमागे बसवायचं. कमी पैशात दोन सीटची स्पोर्ट्स गाडी बांधायची ही सगळ्यात सरळ वाट आहे. ७९६ सीसीचं हे तीन सिलिंडरचं इंजिन तालुक्याच्या मिस्त्रीला पाठ असतं, सुटे भाग अजून मिळतात आणि वजन मूळ गाडीच्या साधारण ६५० किलोपेक्षा कमी ठेवलं तर एवढ्या ताकदीतही गाडी छान पळते.

अडतं ते रेडिएटर नाकाशी नेल्यावर. गाडी पहिल्यांदा वावरात फिरते, तिसऱ्या-चौथ्या फेरीला तापमानाचा काटा लालात जातो, रेडिएटरच्या टोपीतून पाणी फेकतं. थंड करून पाणी भरलं की पुन्हा दोन फेऱ्या, पुन्हा तेच. मग कोणी मोठा रेडिएटर आणायला सांगतो, कोणी दुसरा फॅन, कोणी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून फेकायला. तिन्ही करून झाल्यावरही गाडी तापतच असते.

मोठ्या रेडिएटरवर पैसे घालण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. हेच इंजिन आणि हाच रेडिएटर नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात चार माणसं घेऊन वर्षानुवर्षं चालले. नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता, त्याही उन्हाळ्यात या गाड्या रस्त्यावर होत्या. तुमच्या हलक्या गाडीत इंजिन त्याहून जास्त उष्णता काढत नाही. बदललं ते तीनच ठिकाणी: इंजिनच्या तुलनेत रेडिएटरची उंची, मधले सहा मीटर पाइप आणि रेडिएटरमधून वारा जायची वाट. बहुतेक वेळा दोष या तिघांतच सापडतो, आणि त्यातही पहिल्यात सगळ्यात जास्त.

कधी तापते ते आधी लिहून काढा

पाना हातात घेण्याआधी दोन दिवस फक्त वहीत टिपा. गाडी कोणत्या वेळी तापते यावरूनच निम्मं निदान होतं.

उभी असताना, इंजिन नुसतं सुरू ठेवल्यावर दहा-पंधरा मिनिटांत तापते आणि चालवली की उतरते, तर फॅन, त्याचा रिले, स्विच किंवा फिरायची दिशा बघा.

उभी असताना ठीक, पण वेग धरला की तापते, तर पाणी कमी फिरतंय किंवा वारा रेडिएटरला वळसा घालून जातोय. इग्निशनचं टायमिंग मागे असलं, म्हणजे ठिणगी उशिरा पडत असली, तरी हेच दिसतं.

काटा एकदम वर, एकदम खाली असा नाचतो, मधूनच बुडबुड आवाज येतो, तर सिस्टिममध्ये हवा अडकली आहे.

थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटाभरातच वरचा होज दगडासारखा कडक होतो. पाणी अजून गरमही झालेलं नसताना हा दाब येतो तो जळणाच्या गॅसचा. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या हेडखालचं सील, गेलं आहे.

चालताना सगळं ठीक, पण बंद केल्यावर पाच मिनिटांनी खदखदून पाणी फेकते, तर टोपी कमजोर आहे किंवा वर हेडर टाकीच (दाबाची टोपी असलेली सर्वांत उंच टाकी) नाही.

काटा खरं सांगतोय का

जुळवाजुळवीच्या गाडीत वायरी लांब असतात आणि चासीवर रंगाचा थर असतो, त्यामुळे अर्थचा, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडाचा, घोळ होतोच. फॅन किंवा हेडलाइट लावल्याबरोबर तापमानाचा काटा उडी मारत असेल तर पाणी तापलेलं नाही, अर्थ खराब आहे. पाण्याचं तापमान एका सेकंदात बदलत नसतं. इंजिनवरून चासीला आणि चासीवरून बॅटरीला जाड अर्थ पट्टी लावा, नट-बोल्टखालचा रंग घासून काढा. सेन्सरची वायर कुठे सोलून चासीला टेकली असेल तरी काटा थेट लालात जाऊन बसतो.

उलट धोका जास्त वाईट आहे. सेन्सर जिथे बसवला तिथेच हवेचा फुगा असेल तर काटा अर्ध्यावर थांबतो आणि आत हेड तापत राहतं. फॅनच्या थर्मो स्विचचंही तसंच: तो पाण्यात बुडालेला नसेल तर फॅन चालूच होत नाही, आणि माणूस स्विच बदलत बसतो.

म्हणून एक इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. चकचकीत धातूवर तो खोटं आणि कमी तापमान दाखवतो, तेव्हा जिथे मोजायचं तिथे काळी टेप चिकटवा. मोजायच्या जागा चार: थर्मोस्टॅटचं घर, रेडिएटरचं पाणी आत येण्याचं तोंड, बाहेर जाण्याचं तोंड आणि पाण्याच्या पंपाजवळचा पाइप. इंजिन तापलेलं, फॅन सुरू, अशा वेळी रेडिएटरच्या दोन तोंडांत साधारण ५ ते १० अंशांचा फरक असावा. फरक २५ अंशांच्या वर असेल तर पाणी फार हळू फिरतंय: पंप, हवा किंवा चोंदलेली नळी. फरक २-३ अंशच असेल आणि तरीही गाडी तापत असेल तर पाणी फिरतंय पण वारा त्याची उष्णता नेत नाही. पुढे कुठे हात घालायचा ते हा एक आकडा सांगतो.

अडकलेली हवा: मुख्य आरोपी

मूळ गाडीत रेडिएटर इंजिनच्या शेजारी उभा असतो आणि टोपी वरच्या टोकाला असते. पाणी टोपीपर्यंत भरलं की हेडही भरतं. स्पोर्ट्स गाडीचं नाक खाली असतं, रेडिएटर त्यात तिरपा किंवा ठेंगणा बसतो आणि टोपी हेडच्या खाली जाते. आता टोपीपर्यंत पाणी भरलंत तरी पाणी स्वतःहून वर चढणार नाही. हेडच्या वरच्या भागात, थर्मोस्टॅटच्या घरात हवा राहते. ती हवा तापून फुगते, पाणी ढकलून टोपीतून बाहेर काढते, थंड झाल्यावर तेवढी जागा पुन्हा रिकामी. तुम्ही रोज भरता ते पाणी याच चक्रात जातं.

मारुतीची पांढरी प्लॅस्टिकची बाटली इंजिनवर उंच बांधून "टाकी बसवली" असं मानणं ही नेहमीची चूक आहे. ती बाटली दाबाची नाही. ती फक्त सांडलेलं पाणी झेलते. दाब धरणारी टोपी जिथे असते तीच खरी हेडर टाकी, आणि ती सगळ्या पाण्याच्या वाटेतला सर्वांत उंच भाग असायला हवी.

टाकी घरी करता येते. ७५ मिमी आतल्या व्यासाचा स्टेनलेस पाइप ३४० मिमी लांब घेतला की आकारमान दीड लिटर होतं. दोन्ही टोकांना चकत्या वेल्ड करा आणि वर जुन्या रेडिएटरच्या टोपीचं तोंड कापून बसवा. ते तोंड पितळी असेल तर रेडिएटरवाल्याकडून चांदीच्या डाकाने जोडून घ्या; नुसता कथिलाचा डाक स्टेनलेसवर धरत नाही. टाकीचा तळ थर्मोस्टॅटच्या घरापेक्षा किमान ५ सेंमी वर ठेवा. पाणी एक लिटर, वर अर्धा लिटर हवा. सिस्टिममध्ये सात-साडेसात लिटर पाणी असेल तर ते तापून साधारण ३०० मिलिलिटर फुगतं, म्हणून अर्धा लिटर जागा पुरते.

टाकीला तीन जोड लागतात, आणि हे तीन जोड नीट झाले की अर्धी लढाई जिंकली. तळातून पाऊण इंची होज पंपाच्या ओढीच्या बाजूच्या पाइपला, शक्य तितका पंपाजवळ. यातून पंपाला कायम भरलेलं पाणी मिळतं. दुसरा, थर्मोस्टॅटच्या घराच्या सर्वांत वरच्या जागेतून ६ मिमीची बारीक नळी टाकीच्या वरच्या भागात, पाण्याच्या पातळीच्या वर. तिसरा, रेडिएटरच्या सर्वांत उंच कोपऱ्यातून तशीच ६ मिमीची नळी मागे टाकीपर्यंत. या दोन बारीक नळ्यांत २ मिमी भोकाची पितळी चकती किंवा गुटी बसवा. ती नसेल तर गरम पाणी रेडिएटरला न जाता याच नळ्यांतून सरळ टाकीत पळतं आणि तुम्ही एक नवीन दोष तयार करता.

रेडिएटरवरची जुनी टोपी आता नको. ते तोंड बंद करून त्यावर ६ मिमीचा निपल डाकून घ्या. दोन ठिकाणी दाबाच्या टोप्या ठेवल्या तर कमजोर टोपी आधी उघडते, आणि ती खाली असली तर पाणी तिथूनच जातं.

भंगारात फोक्सवॅगन-स्कोडाची गोल पारदर्शक टाकी मिळते. ती दाबाचीच असते, पाण्याची पातळी बाहेरून दिसते, घ्यायला हरकत नाही. पण तिची टोपी मारुतीच्या जुन्या टोपीपेक्षा बऱ्याच जास्त दाबाला उघडते, आणि तेवढा दाब वीस वर्षं जुन्या पितळी रेडिएटरच्या डाकाला झेपत नाही. डाक उलतो, किंवा हीटरचा जुना होज फाटतो. जुना रेडिएटर ठेवायचा असेल तर मारुतीच्या ०.९ बार दाबाच्या टोपीची टाकीच बांधा.

टोपीबद्दल एवढंच: ०.९ चा दाब धरला तर नुसतं पाणीही ११८-११९ अंशांपर्यंत उकळत नाही. टोपीचं रबर चिरलेलं असेल तर विदर्भाच्या उंचीवर ते ९९ ला उकळतं. सगळ्यात स्वस्त भाग हाच असतो आणि भंगारातून आलेली जुनीच टोपी लावून ठेवलेली असते. नवी घ्या. इंजिन थंड झाल्यावर वरचा होज चिपकलेला दिसला तर टोपीतला छोटा उलटा व्हॉल्व्ह अडकला आहे, तेव्हाही नवीच घ्या.

पाणी भरणं आणि हवा काढणं

आधी पूर्ण पाणी काढा आणि किती मावायला हवं त्याचा हिशेब करा. २५ मिमी आतल्या व्यासाचा ३ मीटर पाइप म्हणजे जवळपास १.४७ लिटर. दोन पाइपांचे २.९. इंजिन आणि मूळ रेडिएटर मिळून साधारण साडेतीन. टाकीतला एक. बेरीज सुमारे ७.४ लिटर. तुमचे पाइप वेगळ्या मापाचे असतील तर तुमचा आकडा काढा आणि टाकीवर मार्करने लिहून ठेवा.

१. गाडीचा मागचा भाग १५-२० सेंमी उंच करा. धुऱ्याचा चढ किंवा फळ्यांचा उतार चालतो. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा. पुढच्या चाकांना दगड लावा.

२. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातली ६ मिमीची नळी पुढच्या टोकाला सोडवा. इंजिनकडचा निपल जोडलेला राहू द्या.

३. टाकीतून हळू पाणी ओता, लोट्यालोट्याने. रेडिएटरच्या निपलमधून बुडबुडे न येता सलग धार आली की नळी जोडा. मागची बाजू उंच असल्याने टाकीतलं पाणी आपल्याच वजनाने तिथपर्यंत पोचतं.

४. टाकी भरत राहा आणि मोठे होज हाताने दाबत-सोडत जा. फस्स आवाज येत राहतो तोवर हवा आहे.

५. टोपी उघडी ठेवून इंजिन सुरू करा. थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांना उघडतो. पुढे जाणारा पाइप एकाएकी गरम झाला की उघडला असं समजा. मग चार-पाच वेळा २००० आरपीएमपर्यंत नेऊन सोडा. पातळी खाली जाईल, भरा. फॅन एकदा चालू होऊन बंद होईपर्यंत थांबा. याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, घाई करू नका.

६. टोपी लावा, बंद करा, रात्रभर राहू द्या. सकाळी थंड असताना पातळी पाहा.

आता ओतलेल्या पाण्याचा हिशेब जुळवा. ७.४ मावायला हवं होतं आणि ६.२ च मावलं, तर १.२ लिटर हवा अजून आत बसली आहे. काटा काहीही म्हणो, गाडी फेरीला काढू नका. असं झालं तर मधल्या पाइपांचा आकार तपासा.

पाइप

जमिनीलगत जाणारा पाइप मध्ये कुठेही उंटासारखा वर उठलेला नको. तसा उठाव असला की तिथे हवा बसते आणि तिला निघायला जागा नसते. गिअरच्या दांड्याला किंवा आडव्या पाइपला वळसा द्यायचा असेल तर खालून द्या. सरळ भागालाही मीटरमागे १०-१५ मिमी चढ एकाच दिशेने ठेवा, म्हणजे हवा एका टोकाला जाऊन निघते.

नळाचा पीव्हीसी पाइप अजिबात वापरू नका. गरम पाणी आणि दाब एकत्र आले की तो नरम होऊन जोडातून सुटतो, आणि तो तुमच्या पायांजवळून गेलेला असतो. जीआय पाइप आतून गंजून रेडिएटरच्या बारीक नळ्या चोंदतो. ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस घ्या, आतला व्यास इंजिनच्या तोंडाएवढा. टोकांना उभार हवा, नाहीतर दाबाखाली होज घसरतो. लेथवाल्याकडे बीड काढून मिळाला तर उत्तम, नाहीतर टोकापासून ८ मिमीवर बारीक वेल्डिंगची कडी फिरवून कानशीने गुळगुळीत करा. क्लॅम्प या कडीच्या मागे येतो, वर नाही.

पंपाच्या ओढीच्या बाजूला लांब मऊ होज ठेवू नका. वेग वाढला की तो आत ओढला जाऊन चपटा होतो, पाणी थांबतं, आणि गाडी थांबवून बघायला गेलात की तो पुन्हा गोल झालेला असतो. "वेगातच तापते, उभी असताना काहीच सापडत नाही" या तक्रारीमागे बरेचदा हेच असतं. दुसऱ्या माणसाला ३५०० आरपीएम धरायला सांगा आणि होजकडे बघा. उपाय: धातूचा पाइप जास्तीत जास्त जवळ आणा, होज १०-१२ सेंमीचाच ठेवा, किंवा आत स्प्रिंग घाला.

हीटर बसवलेला नसेल तर त्याच्या दोन तोंडांना एक होज लावून आपसात जोडा. रबरी बुच ठोकून ठेवलेलं तोंड एक दिवस सुटतंच.

वारा कुठून जातो

वारा सोपी वाट धरतो. रेडिएटरच्या जाळीतून जाण्यापेक्षा कडेच्या दोन बोटं फटीतून जाणं त्याला सोपं. नाकाच्या तोंडापासून रेडिएटरच्या कडांपर्यंत १ मिमी ॲल्युमिनियम पत्र्याची चारही बाजूंनी बंद पेटी करा, कडांना दरवाजाचं रबर लावा. हाताचं बोट जाईल एवढीही फट ठेवू नका. नाकाचं तोंड जाळीच्या क्षेत्रफळाच्या निम्म्याहून कमी नसावं, कारण वावरात वेग ४०-५० चाच असतो.

आत येण्याइतकंच बाहेर जाणं महत्त्वाचं, आणि ते सगळे विसरतात. रेडिएटरमागचा गरम वारा बाहेर जायला नाकाच्या तोंडापेक्षा मोठी वाट लागते. तो ड्रायव्हरच्या पायांत सोडलेला असेल तर आत दाब साठतो आणि पुढून वारा शिरतच नाही. पुढच्या चाकांच्या कमानीत किंवा बॉनेटच्या पुढच्या भागात वरच्या बाजूला जाळ्या काढा. काचेच्या अगदी खाली काढू नका, तिथे वेगात दाब जास्त असतो आणि वारा उलटा शिरतो. कुठे काढायची ते पाहायला सुताचे वीतभर धागे बॉनेटवर टेपने चिकटवा आणि शेजारून मोबाइलवर चित्रण करा. धागा पत्र्याला चिकटून मागे ओढला जातो तिथे जाळी चालेल. फडफडून पुढे येतो तिथे नको.

आपल्याकडचा खास त्रास म्हणजे कुटार, मळणीनंतरचा भुसा. सोयाबीन निघाल्यावर वावरात गाडी फिरवली की एका दिवसात जाळी कुटाराने आणि काळ्या मातीच्या धुळीने बंद होते. जिनिंगच्या आसपास कापसाचे तंतू तेच करतात, आणि ओलसर तंतू वाळून नमद्यासारखा बसतो. पुढून बघितलं तर जाळी स्वच्छ वाटते, कारण घाण मध्ये अडकलेली असते. पाठीमागून बल्ब धरून बघा. साफ करताना उलट्या दिशेने, मागून पुढे. पंक्चरवाल्याची हवा हातभर लांबून मारा, जवळून मारली की पाती वाकतात. पाणी मारायला फवारणीचा पंप घ्यायचा असेल तर कधीही औषध न घातलेलाच घ्या. तोंडाशी ४-५ मिमी भोकांची जाळी लावा, रेडिएटरला चिकटवून नाही, ५ सेंमी पुढे. मच्छरदाणीची जाळी लावू नका, ती वाराच अडवते.

फॅन

पहिली तपासणी फुकटची. फॅन सुरू करून नाकाच्या तोंडाशी वर्तमानपत्राचं पान धरा. ते आत चिकटलं पाहिजे. बाहेर उडालं तर फॅन उलटा फिरतोय: वायरिंग करताना दोन वायरी बदलल्या गेल्या. उभी असताना मग गाडी तापणारच, आणि चालतानाही फॅन येणाऱ्या वाऱ्याशी भांडत राहतो.

दुसरी, व्होल्टेज. बॅटरी मागे, फॅन पुढे, म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर तार. १ चौरस मिमीच्या तारेत ८ अँपिअरला जवळपास ०.९ व्होल्ट तारेतच जातात, २.५ ची तार घेतली तर ०.४ च्या आत. फॅन चालू असताना मीटर फॅनच्या टोकांवर लावा, बॅटरीवर नाही. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर तार किंवा जोड बदला. रिले ३० अँपिअरचा: त्याच्या ३० नंबरच्या पायाला बॅटरीपासून १५ अँपिअरच्या फ्यूजमधून, ८७ फॅनला, ८६ चावीनंतरच्या करंटला, ८५ थर्मो स्विचला. एक साधा हातबटनही ८५ आणि अर्थच्या मध्ये लावून ठेवा. स्विच बिघडला तरी फॅन सुरू करता येतो, आणि दोष स्विचचा की फॅनचा हे लगेच कळतं.

कोणतं पाणी

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं आणि बोअरचं पाणी रेडिएटरला विष आहे. क्षार तापल्यावर आतून थर धरतात, क्लोराइड ॲल्युमिनियमचं हेड कुरतडतं. बाकी विदर्भातलं बोअरचं पाणीही जडच असतं. बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी घ्या, सात लिटर काही जड जात नाही. कूलंट ३० ते ४० टक्के पुरे. आपल्याकडे पाणी गोठण्याची चिंता नाही, कूलंट गंज थांबवायला आणि उकळण वाढवायला घालायचं. जास्त घातलं म्हणजे जास्त थंड असं नसतं, उलट नुसतं पाणी जास्त उष्णता वाहून नेतं. वेगवेगळ्या जातीचे कूलंट मिसळू नका.

भंगारातल्या इंजिनात आधीच थर असतो. लिटरला ३० ग्रॅम लिंबूसत्व घालून गरम इंजिन अर्धा तास सुरू ठेवा, काढा, साध्या पाण्याने तीन-चारदा धुवा, शेवटचं धुणं डिस्टिल्डने. संडास साफ करायचं ॲसिड कोणी सुचवलं तर ऐकू नका, ते गंजासोबत हेडही खातं. पितळी रेडिएटर असेल आणि खालचं तोंड सोडल्यावर पाणी भसकन न पडता बारीक धारेने येत असेल, तर रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या.

उरलेलं, थोडक्यात

थर्मोस्टॅट काढून टाकू नका. सकाळी इंजिन गार राहतं, जास्तीचं पेट्रोल सिलिंडरवरचं ऑइल धुतं आणि खरा दोष झाकला जातो. पातेल्यात पाणी तापवून थर्मामीटरसोबत तपासा. ८२ च्या आसपास उघडायला लागून पंच्याण्णवपर्यंत पूर्ण उघडला तर ठीक. त्याच्या कडेला ३ मिमीचं भोक पाडा आणि बसवताना ते वर ठेवा, हवा निघून जाते.

पंप उघडून पाती बघा. कबाड्याकडे वर्षानुवर्षं कोरडं पडलेल्या इंजिनात पंपाची पाती गंजून अर्धी झालेली असतात आणि बाहेरून पंप नवा दिसतो. पट्टा अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० मिमीपेक्षा जास्त दबू नये.

टायमिंग कारखान्याच्या खुणेवर लावा. डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी इंजिन हलवताना तुटते आणि तशीच राहते. मग चालत्या गाडीत टायमिंग हवं तेवढं पुढे सरकत नाही, इंजिन ओढत नाही आणि तापतं. ब्रेक मोकळे आहेत का तेही बघा. जुना कॅलिपर अडकला असेल तर इंजिन पूर्ण वेळ ब्रेकशी झगडतं.

गॅस्केट गेलं असेल तर नुसतं गॅस्केट बदलून भागत नाही. हेडवर सरळ पट्टी आडवी-उभी-तिरकी ठेवा आणि ०.०५ मिमीची फीलर (मापाची पातळ पट्टी) खाली सरकते का पाहा. सरकली तर प्लेन करून घ्या. बोल्ट कसताना मधल्यापासून बाहेरच्याकडे जा, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच.

पाणी उकळलेलं नाही, तरी गाडी बंद पडते

याला लोक तापणंच म्हणतात, पण दोष पेट्रोलचा असतो. नवतप्यात, २५ मे ते २ जूनच्या दिवसांत, फेरी मारून गाडी थांबवली आणि दहा मिनिटांनी सुरू होत नाही. मागच्या बंद कप्प्यात एक्झॉस्टची उष्णता साठते आणि पेट्रोल नळीतच वाफ होतं. खात्री करायला गाडीतल्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं ठेवा. पाच मिनिटांत सुरू झाली तर हेच आहे. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून किमान १० सेंमी दूर न्या, मध्ये २० मिमी हवेची पोकळी सोडून पत्र्याची आड लावा, कार्ब्युरेटरवरून टाकीकडे परत जाणारी बारीक नळी बंद केली असेल तर पुन्हा जोडा. मागच्या कप्प्याला वर जाळी द्या म्हणजे गाडी उभी असतानाही गरम हवा वर निघून जाईल. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबरी होज फुगतात आणि चिरतात, म्हणून भंगारासोबत आलेला एकही इंधनाचा होज ठेवू नका. दोन किलोचं अग्निशामक ड्रायव्हरच्या हाताला लागेल असं बांधा.

दुरुस्तीनंतर

पहिली फेरी दहा मिनिटांची, संध्याकाळी, फॅन हातबटनावर सुरू ठेवून. थांबल्यावर चारही जागांचं तापमान लिहा. दुसरी वीस मिनिटांची, फॅन स्विचवर. तिसरी दुपारच्या उन्हात. तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना टाकीची पातळी बघा. ती १००-१५० मिलिलिटरपेक्षा जास्त उतरली नाही आणि मग स्थिर राहिली, तर हवा निघाली. पहिल्या फेरीनंतर सगळे क्लॅम्प अर्धा फेरा कसा, रबर तापल्यावर बसतं.

गाडी स्वतःच्या वावरात किंवा खाजगी जागेतच चालवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलांपेक्षा वेगळी होईल अशी फेरफार गाडीत करता येत नाही, आणि इथे तर अख्खी गाडीच नवी झाली आहे.

गरम टोपी उघडू नका, पाऊण तास थांबा. काढलेलं जुनं कूलंट गोठ्याजवळ किंवा नालीत ओतू नका. त्यातलं ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री आणि जनावरं ते चाटतात आणि त्याने मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर मोठ्या अक्षरात लिहून, मुलांच्या हाताबाहेर ठेवा आणि पुढच्या वेळी जिल्ह्याच्या गावी जाल तेव्हा वापरलेलं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला विचारून द्या.